आजोबा नेव्हीत होते का?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. जहऱ्यातली आम्ही चार मराठी घरं दर शुक्रवारी दुपारी मुलांना एकत्र बसवून मराठी लिहायला-वाचायला शिकवतो. शाळा म्हणण्याइतकं काही नाही. ज्याची पाळी असेल त्याच्या हॉलमध्ये चटई पसरायची, मोठ्यांना चहा, मुलांना लाडू नाहीतर चिवडा, आणि तासभर आरडाओरडा. जहरा म्हणजे कुवेत शहरापासून पश्चिमेला तीसेक किलोमीटर. शहरातली मराठी मंडळी सणासुदीला भेटतात, पण एरवी इथे आपलं आपणच बघावं लागतं.

४ डिसेंबर म्हणजे नौदल दिन. १९७१ च्या युद्धात आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला त्याची आठवण. म्हणून मुलांना दहा ओळी लिहायला दिल्या. माझी मुलगी नऊ वर्षांची. तिने पहिलंच वाक्य लिहिलं होतं : 'माझे आजोबा नेव्हीत होते.'

मी लाल पेन घेतलं. 'नेव्ही' खोडून वर लिहिलं 'आरमार', आणि तिला सांगितलं, हा शुद्ध मराठी शब्द, शिवाजी महाराजांचा. मग परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की वाक्यच चुकीचं आहे. माझे वडील नौदलात कधीच नव्हते. ते मालवाहू बोटीवर सुकाणी होते. म्हणून मी 'होते' च्या पुढे 'नव्हते' लिहून अख्ख्या वाक्यावर आडवी रेघ मारली. एका वाक्यात दोन चुका काढल्या म्हणून मनातून जरा बरंही वाटलं असेल. कॉम्प्युटर इंजिनीअरला दुसऱ्याच्या ओळीतला बग सापडला की जे होतं ते.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे गावी व्हिडिओ कॉल झाला. पोरीने वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाली, "आजोबा, बाबा म्हणतात तुम्ही नेव्हीत नव्हता."

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "नसेन बाळा. तुझ्या बाबाला जास्त कळतं." आणि फोन आईकडे दिला.

कोकणातल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या गुहागर पट्ट्यात घरटी एक माणूस 'बोटीवर' असायचा आणि बोटीवरचा प्रत्येक जण 'नेव्हीत' असायचा. तो तोफ चालवतो की विंच, हे कोणी विचारत नसे. मुलीला स्थळ सांगून आलं की 'मुलगा नेव्हीत आहे' एवढं पुरायचं. शहरात शिकलेले आम्ही हसायचो, "नेव्ही नव्हे हो, मर्चंट नेव्ही." जणू 'मर्चंट' म्हटलं की किंमत निम्मी होते.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी माझ्या दोन्ही दुरुस्त्या तपासायला बसलो. दोन्ही चुकल्या होत्या. पहिलीत तर मी तोंडावरच आपटलो.

'आरमार' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्यांचा 'अर्मादा'. १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून गेलेलं स्पेनचं 'अर्माडा' आपण शाळेत वाचतो, तोच शब्द. मुळात लॅटिनमध्ये 'अर्माता' म्हणजे शस्त्रं घेतलेली, सज्ज केलेली. त्यात ना पाणी, ना होडी, ना समुद्र. याच 'अर्माता'चं फ्रेंचमध्ये 'आर्मे' झालं आणि तिथून इंग्रजीत गेलं 'आर्मी'. म्हणजे मी पोरीच्या वहीत 'नेव्ही' खोडून जो शब्द लिहिला तो खरं तर 'आर्मी'चा सख्खा भाऊ. आणि 'नेव्ही'? तो जुन्या फ्रेंच 'नावी'वरून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. त्याच्या मागे लॅटिन 'नाविस', म्हणजे जहाज. त्याच घराण्यातला ग्रीक 'नाउस', फारसी 'नाव', आणि आपला वेदांपासूनचा 'नौ'. नाव, नौका, नाविक, नावाडी ही सगळी त्याचीच पिलावळ. थोडक्यात, परका म्हणून मी ज्याला बाहेर काढलं तो लांबचा का होईना नातेवाईक निघाला, आणि घरचा म्हणून आत घेतला तो वसईच्या किल्ल्यावरून आलेला पाहुणा.

इथे लगेच एक धोका सांगून ठेवतो, कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड येतं : 'नेव्ही हा शब्द संस्कृत नौपासून निघाला आणि नेव्हिगेशन हा नवगतीपासून. जगाला नौकानयन आपण शिकवलं. पुढे पाठवा.' मीही एकदा पाठवलेलं आहे. ते खरं नाही. 'नेव्हिगेशन' लॅटिनमध्येच तयार झाला : 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणं, मिळून जहाज हाकणं. 'नवगती'चा त्याच्याशी काही संबंध नाही. 'नेव्ही' आणि 'नौ' हे एकाच पणजोबांचे पणतू आहेत असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. चुलत-मावस भावंडं म्हणा हवं तर. चुलतभाऊ कितीही लाडका असला तरी त्याला आपला मुलगा म्हणून सांगत फिरत नाहीत.

माझं म्हणणं असं की या दोन्ही खोड्या एकाच जातीच्या आहेत. 'आरमार' शुद्ध आपला म्हणून पोराच्या वहीत लाल रेघ मारणं ही एक, आणि 'नेव्ही'सुद्धा मुळात आपलाच म्हणून छाती फुगवणं ही दुसरी. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दोन्हींचा मोह जरा जास्तच होतो. इथे आपल्या हाती भाषेशिवाय फार काही नसतं, मग तिला आपण देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी सोवळ्यात ठेवायला बघतो. पोरं मात्र त्या मूर्तीशी बोलत नाहीत.

आता 'आरमार' पोर्तुगीज म्हटल्यावर काही जणांना वाईट वाटेल. मला उलट त्यातच महाराजांची करामत दिसते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. युरोपी धाटणीची लढाऊ जहाजं बांधायचं कसब तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं. महाराजांनी वसईकडचे कारागीर कामाला लावले. त्यांत व्हिएगस नावाचे बापलेक प्रमुख होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना ते कळल्यावर पोटात गोळा आला आणि त्यांनी या लोकांना फितवून परत नेलं. काम मात्र थांबलं नाही. पुढे १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. कारागीर परके, शब्द परका, समुद्रावर हक्क मात्र आपला. तेव्हा बाकी फार थोड्यांना समुद्राची पडलेली होती. भल्याभल्या सत्ताधीशांनी दर्यावर्दी परवाने फिरंग्यांकडून निमूट घेतले होते.

महाराजांना परक्या शब्दांचं भान नव्हतं असंही नाही. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' त्यांच्याच काळातला. तरी पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं तेव्हा त्यात 'आरमार' हाच शब्द राहिला, आणि त्यावर स्वतंत्र प्रकरण आलं. जहाजासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडं धन्याच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत हा प्रसिद्ध हुकूम त्याच प्रकरणातला. तोवर या शब्दाला कोकणच्या खारट हवेत पन्नासेक वर्षं झाली होती. त्याचं कुळ कोण विचारणार?

आणि एकटा 'आरमार'च कशाला? त्या आरमारातली मुख्य लढाऊ बोट म्हणजे गुराब. हा अरबी शब्द. अरबीत 'घुराब' म्हणजे कावळा. इंग्रजांनी त्याचं 'ग्रॅब' केलं आणि आपल्या 'गलबता'चं 'गॅलिव्हॅट'. आरमाराच्या अधिकाऱ्याचा किताब 'दर्यासारंग', त्यातला दर्या फारसी. कान्होजी आंग्र्यांचा 'सरखेल' हा किताबही फारसी वळणाचाच. बंदर, लंगर, खलाशी, सुकाणू, एकाचीही जन्मपत्रिका देशावरची नाही. समुद्रावरचे शब्द असेच असतात. ज्याच्याकडून वस्तू शिकलो त्याच्याकडून नावही घेतलं, आणि वारा पडायच्या आत कामाला लागलो.

यातले निम्मे शब्द आज मला ऑफिसात ऐकू येतात, आणि ते मला जहऱ्यात राहून आठ वर्षांत कळलं नव्हतं. त्या डिसेंबरच्या घोळानंतर कान उघडले. आमच्याकडे एक वयस्कर कुवेती सहकारी आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांचे आजोबा तेलाच्या आधीच्या काळात जहाजावर 'नोखदा' होते. खजूर घेऊन बसऱ्याहून निघायचं, मुंबईला, कोकण-मलबारला जायचं, आणि येताना साग, तांदूळ, मसाले आणायचे. कुवेतची प्रसिद्ध 'बूम' जहाजं मलबारच्या सागाची. १९६१ मध्ये दिनार आला, तोवर इथे व्यवहारात रुपया चालायचा. त्यांच्या घरात अजून पंख्याला 'बंका' म्हणतात. हे सगळं मी अर्धवट ऐकून सोडून दिलं होतं. या वेळी मी विचारलं, नोखदा म्हणजे नेमकं काय? ते म्हणाले, जहाजाचा मालक-कप्तान, पण शब्द आमचा नाही, फारसी आहे : नाव आणि खुदा. नावेचा धनी.

मी खुर्चीवरून उठलोच. कारण हा तर आमचा नाखवा! कोळीवाड्यात होडीचा धनी तो नाखवा. फारसी 'नाखुदा' अरबांच्या तोंडी 'नोखदा' झाला आणि आपल्याकडे झिजून 'नाखवा'. आणि त्याच्या पोटात बसलेला 'नाव' तोच, जो इंग्रजांच्या 'नेव्ही'त आहे. वेसाव्याचा नाखवा, कुवेतचा नोखदा आणि ब्रिटिशांची रॉयल नेव्ही एका शब्दाच्या दोरीला बांधलेले. मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, माझे आजोबा तुमच्या आजोबांना ओळखत असणार! तसं काही नसणार, पण त्या दिवशी आम्ही चहा जरा जास्तच वेळ प्यायलो.

अरबीची आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. आरमाराला अरबीत 'उस्तूल' म्हणतात, आणि तो शब्द ग्रीक 'स्तोलोस'वरून आलेला. ज्यांनी युरोपला 'अ‍ॅडमिरल' हा शब्द दिला (तो 'अमीर अल', म्हणजे 'अमुकचा अमीर' यावरून आला), त्यांनी ताफ्याचा शब्द मात्र ग्रीकांकडून उचलला. कुवेतच्या सैन्यात नौदलाला 'बहरिया' म्हणतात, 'बहर' म्हणजे समुद्र. तो त्यांचा स्वतःचा. एक घरचा, एक बाहेरचा, दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. त्यावरून इथे कोणी पोराच्या वहीत लाल रेघ मारत असेल असं वाटत नाही.

आता माझी दुसरी दुरुस्ती, जी बाबांना लागली. 'ते मालवाहू बोटीवर होते, नेव्हीत नव्हते.'

'नेव्ही' इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ नुसता ताफा. राजाची जहाजं, व्यापाऱ्यांची जहाजं, सगळी मिळून देशाची नेव्ही. लढाई आली की राजा व्यापाऱ्यांची गलबतं मागून घ्यायचा, त्यांवर सैनिक चढवायचा, आणि लढाई संपली की ती परत मासळी नाहीतर दारूची पिंपं वाहायला लागायची. लढाऊ जहाजांचं कायमचं वेगळं दल ही पुढची व्यवस्था, आणि 'नेव्ही' म्हणजे फक्त तेच दल हा अर्थही पुढचा. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी व्यापारी जहाजं इतकी बुडवली आणि त्यांवरची इतकी माणसं गेली की युद्धानंतर राजा पाचव्या जॉर्जने व्यापारी ताफ्याला सन्मान म्हणून 'मर्चंट नेव्ही' हे नाव दिलं. 'मर्चंट' जोडल्याने किंमत निम्मी झाली नव्हती. जो शब्द त्यांच्या हातून निसटला होता तो त्यांना परत मिळाला होता.

त्या मेलेल्यांत आपले लोक होते. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणायचे, आपल्याच 'लष्कर'वरून. कोकण, गोवा, गुजरात, बंगाल, सिल्हेटकडची ही माणसं बॉयलरपाशी कोळसा ओढायची, डेक घासायची. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत गेलेल्या भारतीय दर्यावर्दींची स्मारकं आहेत. त्यांत नौदलाचे आहेत आणि व्यापारी बोटींवरचेही आहेत. समुद्राने त्यांना बुडवताना 'मर्चंट' की कसे हे विचारलं नव्हतं. आपण मुंबईकर आयुष्यभर मस्जिद बंदरला सुका मेवा घ्यायला जातो, पण ते स्मारक बघायला किती जण गेलो असू? मी तरी नाही.

शब्द कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, याला फार मोठा अर्थ असतो हे आपल्याला कान्होजींवरून तरी कळायला हवं. कंपनीची जहाजं होती ती 'बॉम्बे मरीन'. पोर्तुगीजांचं होतं ते 'अर्मादा'. कान्होजी आंग्रे तेच करत होते, म्हणजे समुद्रावर परवाने देणं, परवाना नसलेलं जहाज अडवणं. पण इंग्रजांच्या कागदात ते 'पायरेट', चाचे! १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. चाच्याला हरवता आलं नाही म्हणून तो चाचा राहिला, राजाचा सरखेल झाला नाही. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे. बरं वाटतं. पण १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळालं तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती हेही मुलांना सांगावं लागेल. तुळाजी आंग्र्यांशी पेशव्यांचं बिनसलं होतं, हे कारण खरं. आरमार मात्र आपलंच जळलं.

डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिन मालवणला, सिंधुदुर्गाच्या साक्षीने झाला. नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेतली नावं देणार, असं पंतप्रधानांनी तिथे जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षी ध्वजावरचं सेंट जॉर्जचं क्रूस जाऊन महाराजांच्या राजमुद्रेवरून सुचलेली अष्टकोनी चौकट आली होती. मला हे आवडलं, आपण बरीच वर्षं दुसऱ्याचं निशाण वागवलं होतं. हुद्द्यांना नावं देताना मात्र एक मागणं आहे. 'परंपरेतलं' म्हणजे फक्त संस्कृत असं कोणी ठरवून टाकू नये. तसं केलं तर ज्या परंपरेचं नाव घेतो आहोत तीच हातातून जाईल. दर्यासारंग, सरखेल, तांडेल, सुकाणी, नाखवा हे शब्द बाटगे वाटत असतील तर ते आरमारच बाटगं होतं म्हणावं लागेल. त्या जहाजांवर कोळी, भंडारी होते, तसेच दर्यासारंग आणि दौलतखानही होते.

मग मुलांना शिकवायचं काय? आमच्या शुक्रवारच्या वर्गात यावर बरीच वादावादी झाली. एक वहिनी म्हणाल्या, 'नौदल' शिकवा, पेपरात तोच येतो. बरोबर आहे. आजच्या दलाला नौदल म्हणावं. महाराजांच्या, आंग्र्यांच्या ताफ्याला आरमार म्हणावं, तिथे नौदल म्हटलं तर कानाला खटकतं. आणि घरात कोणी 'नेव्ही' म्हणालं तर म्हणू द्यावं. तीन शब्दांना तीन कामं आहेत. पोराने कुठलाही वापरला तर त्याला 'हा चूक' म्हणण्याऐवजी 'हा कुठून आला बघूया का?' असं विचारावं. मी हे शहाणपण सांगतोय खरा, पण मला ते वडिलांचा चेहरा उतरल्यावर सुचलं.

माझा स्वतःचा धंदा तरी काय? दिवसभर आम्ही सर्व्हरवर 'लॉग' बघतो. जहाजाचा वेग मोजायला पाण्यात लाकडाचा ओंडका टाकत, त्याची नोंद ज्या वहीत होई ती 'लॉगबुक', तिथून आमचं 'लॉग इन'. प्रोग्रॅम भरतो ते 'कंटेनर'मध्ये. आणि ते सगळे कंटेनर हाकणारी प्रणाली २०१४ मध्ये गूगलने आणली, तिचं नाव 'कुबरनेटीज'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सुकाणी. तिच्या चिन्हावर जहाजाचं चक्र आहे. चार वर्षं मी ते चक्र स्क्रीनवर बघत होतो. तिकडे बाबांचं सीडीसीचं जुनं पुस्तक आईने कपाटात जपून ठेवलंय. त्यात हुद्द्याच्या रकान्यात इंग्रजीत 'सीकनी' लिहिलं आहे. आम्हाला लहानपणी वाटायचं कारकुनाची चूक असेल. ती चूक नव्हती. आपला सुकाणीच इंग्रजांच्या कागदावर चढून 'सीकनी' झाला होता. मुळात अरबी 'सुक्कान', म्हणजे सुकाणू.

एक गोष्ट मात्र राहून राहून आठवते. २०२१ च्या मे महिन्यात गावाकडे प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती. आम्ही इथे बसून फोनवर फोन करत होतो, विमानं बंद होती, हातात काही नव्हतं. तेव्हा आयएनएस कोलकाता आणि नौदलाची इतर जहाजं कुवेतच्या शुवैख बंदरात आली आणि द्रव प्राणवायूच्या टाक्या भरून मंगळूरकडे गेली. 'समुद्रसेतू' नावाची मोहीम. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा ती बातमी दहा-दहा वेळा वाचली. लढाऊ जहाज, आणि पोटात माल. लॅटिन असो, फ्रेंच असो, सहाशे वर्षांपूर्वीच्या जुन्या अर्थाने ती अगदी पुरती नेव्ही होती.

बाबांना फोन करायला मला तीन दिवस लागले. 'चुकलं' म्हणायला जीभ वळेना, म्हणून मी शब्दांच्याच गोष्टी सुरू केल्या. नाखवा, नोखदा, नावी, नाविस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे सगळं ठीक आहे रे. पण तुला 'सुकाणी' म्हणजे नुसतं चक्र धरून उभा असं वाटतं ना? बिस्केच्या उपसागरात चार तासांची पाळी करून बघ." मग त्या उपसागरातल्या एका रात्रीची गोष्ट सुरू झाली, जी मी आडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकली. मध्येच मळमळीचं निघालं. मी म्हटलं, 'नॉशिया' हाही त्याच ग्रीक 'नाउस'वरून आलाय, बोट लागणं म्हणजेच. ते म्हणाले, "ते मला ग्रीकांनी सांगायला नको."

तेव्हापासून ते नातीला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवतात, एका दिवशी एक शब्द. शीड, डोलकाठी, वल्हं, नाळ, नांगर. ती तो वहीत लिहिते आणि शेजारी मला कुठून आला ते शोधायला लावते. परवा तिने विचारलं, "बाबा, बोट कुठून आला?" मी म्हटलं, इंग्रजीतून. "नाही, हातातलं बोट." ते मी अजून शोधतो आहे. आणि डिसेंबरच्या त्या पानावर तिने माझी रेघ पांढऱ्या शाईने झाकून वर परत लिहिलंय : माझे आजोबा नेव्हीत होते.